जिंजी : परमुलखातली राजधानी
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



नोकरी-धंद्यासाठी आपण चेन्नईला यायला निघालो, तेव्हा "एवढ्या लांब कशाला?" असं प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी म्हणालंच असेल. आज मी १६८९ साली याच मुलखात आलेल्या एका १९ वर्षांच्या तरुणाबद्दल बोलणार आहे. ते म्हणजे छत्रपती राजाराम महाराज. ज्या जिंजीच्या किल्ल्यात ते राहिले तो इथून दीडएकशे किलोमीटरवर, तिंडिवनमहून तिरुवण्णामलैला जाणाऱ्या रस्त्यावर आहे.

त्या वर्षी मार्चमध्ये संभाजी महाराजांची क्रूर हत्या झाली. रायगडाला वेढा पडला. येसूबाई आणि बाल शाहू गडावर राहिले, राजाराम महाराज बाहेर पडले. पन्हाळ्याहून वेषांतर करून ते दक्षिणेकडे निघाले. वाटेत केळदीच्या राणी चेन्नम्मांनी औरंगजेबाचा रोष पत्करून त्यांना आसरा दिला. नोव्हेंबरात ते जिंजीला पोचले, त्याच महिन्यात रायगड पडला. शिवाजी महाराजांनी १६७७ साली जिंजी घेऊन तिची तटबंदी मजबूत करून ठेवली होती. ती दूरदृष्टी अशी कामी आली.

आम्ही काही मित्र मागच्या थंडीत तिथे गेलो होतो. सह्याद्रीचे गड पाहिलेल्या डोळ्यांना हा किल्ला वेगळाच वाटतो. काळ्या कातळाऐवजी एकावर एक रचल्यासारखे ग्रॅनाइटचे गोल धोंडे, आणि तीन डोंगरांना कवेत घेणारा तट. त्यातला राजगिरी सर्वांत उंच, सुमारे ८०० फूट. माथ्याजवळ एक खोल घळ आहे. तिच्यावरचा छोटा पूल ओलांडल्याशिवाय वर जाता येत नाही. पूल काढून घेतला की शत्रू पलीकडेच! खाली कल्याण महाल, धान्याची मोठमोठी कोठारं, तलाव. ती कोठारं पाहिल्यावर कळतं, की लढाई तलवारीइतकीच शिध्यावरही चालते.

१६९० मध्ये झुल्फिकारखानाने वेढा घातला. आत महाराज, बाहेर संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव. १६९२ च्या डिसेंबरात संताजींनी कांचीजवळ अलीमर्दानखानाला पकडलं. वेढा घालणारेच कोंडीत सापडले आणि खानाला वांदिवाशला माघार घ्यावी लागली. पुढे वेढा पुन्हा पडला. १६९८ च्या सुरुवातीला किल्ला पडला, पण महाराज त्याआधीच निसटून महाराष्ट्राच्या वाटेला लागले होते. मोगलांना किल्ला मिळाला, राजा मिळाला नाही.

किल्ल्यावर आमच्यातला एकजण जरा नाराज झाला. स्थानिक लोक याला 'राजा देसिंगूचा किल्ला' म्हणतात, हे त्याला रुचेना. पण देसिंगू कोण? तेजसिंग, बुंदेला राजपूत. अर्काटच्या नवाबाशी लढताना १७१४ साली तो धारातीर्थी पडला, आणि तमिळ लोकगीतांनी त्याला अमर केलं. म्हणजे तोही मूळचा इथला नव्हे! मला वाटतं, रुसण्यापेक्षा आपण यातून शिकावं. जो या मातीसाठी उभा राहतो, त्याला ही माती आपला म्हणते. आपलं राज्य संकटात होतं तेव्हा ते कानडी राणीच्या आसऱ्याने आणि तमिळ मुलखातल्या डोंगरावर तगलं. ते ऋण आपण इथे राहणाऱ्यांनी तरी विसरू नये.

२०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. ११ महाराष्ट्रातले, बारावा आपल्या शेजारचा जिंजी. तेव्हा मंडळी, या थंडीत मुलांना घेऊन जाच. सकाळी लवकर निघा, पाणी भरपूर घ्या, आणि खाऊ माकडांपासून सांभाळा! शेजारच्या तमिळ कुटुंबालाही बरोबर न्या. देसिंगूची गोष्ट त्यांच्याकडून ऐका, राजाराम महाराजांची तुम्ही सांगा.

गणपती बाप्पा मोरया!