सूर्यप्रकाशाची वीज कशी होते?

पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या उंच इमारतीवरून सभोंवार पाहिलें, तर आसपासच्या गच्च्यांवर दोन प्रकारचीं सौर साधनें मांडलेलीं दिसतात. एक पाणी तापविणारें, दुसरें वीज उत्पन्न करणारें सोलर पॅनेल. दोन्ही काळसर, दोन्ही सूर्याकडे तोंड करून तिरपीं बसविलेलीं. त्यामुळें पुष्कळ सुशिक्षितांचीही अशी समजूत होते कीं, ऊन जितकें कडक, तितकी वीज अधिक. पाण्याच्या बाबतींत हें बरोबर आहे; विजेच्या बाबतींत नाहीं. पाणी तापतें तें उष्णतेनें, वीज होते ती प्रकाशानें. हा भेद ध्यानांत आला म्हणजे पॅनेलविषयींच्या बहुतेक शंका आपोआप मिटतात.

प्रकाशापासून वीज उत्पन्न होऊं शकते, हें फ्रेंच शास्त्रज्ञ एडमंड बेकरेल याच्या निदर्शनास १८३९ सालीं आलें. आईनस्टाईननें १९०५ सालीं प्रकाश हा ऊर्जेच्या कणांप्रमाणें वागतो असें प्रतिपादन केलें आणि हे कण धातूंतून इलेक्ट्रॉन कसे बाहेर काढतात, याचा उलगडा केला. पुढें १९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत चेपिन, फुलर व पिअर्सन या तिघांनीं सिलिकॉनचा पहिला व्यवहारोपयोगी घट तयार केला. पडलेल्या प्रकाशाच्या सुमारें ६ टक्के ऊर्जेची तो वीज करी. आजचीं चांगलीं पॅनेलें २० टक्क्यांहून अधिक ऊर्जेची करतात.

सिलिकॉन हें वाळूंत विपुल सांपडणारें मूलद्रव्य होय. त्याच्या प्रत्येक अणूच्या बाहेरील कक्षेंत ४ इलेक्ट्रॉन असून ते शेजारच्या अणूंशीं जखडलेले असतात. घटाच्या एका थरांत फॉस्फरसचा अत्यल्प अंश मिसळतात, दुसऱ्यांत बोरॉनचा. फॉस्फरसपाशीं असे इलेक्ट्रॉन ५, म्हणजे एक अधिक; बोरॉनपाशीं ३, म्हणजे एक उणा. हे थर जेथें भेटतात, तेथें इलेक्ट्रॉनांची देवघेव होऊन एक विद्युत्-क्षेत्र उभें राहतें. तें उतारासारखें काम करतें. प्रकाशाच्या कणानें एखादा इलेक्ट्रॉन सुटा केला कीं हा उतार त्याला एका बाजूस लोटतो. दोन्ही बाजू तारेनें जोडल्या असतां तो इलेक्ट्रॉन बाहेरच्या वाटेनें, दिवा लावून, परत दुसऱ्या बाजूस पोंचतो. यांत कांहीं जळत नाहीं, कोठें चाक फिरत नाहीं. एका घटाचा दाब जेमतेम अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो. म्हणून अनेक घट एकामागून एक जोडून पॅनेल बनवितात. निघालेला प्रवाह एकाच दिशेचा असतो. इन्व्हर्टर त्याचें घरांतील उपकरणांस चालेल अशा २३० व्होल्टच्या, दिशा बदलणाऱ्या प्रवाहांत रूपांतर करतो.

आतां उष्णतेचा विचार करूं. घट तापला कीं त्याचा दाब उतरतो. २५ अंशांच्या वर दर अंशास शक्ति सुमारें ०.३ ते ०.४ टक्के घटते. मे महिन्यांत भर दुपारीं पॅनेल ६० अंशांपर्यंत तापलें, तर शेंकडा १० ते १४ वीज त्या तापण्यापायींच जाते. म्हणून पॅनेल आणि गच्ची यांमध्यें वारा खेळावा इतकें अंतर ठेवतात. सावलीचेंही तसेंच. घट साखळीनें जोडलेले असल्यामुळें पाण्याच्या टांकीची सावली थोड्याच घटांवर पडली, तरी साखळीच्या मोठ्या भागाचा प्रवाह अडतो. कारखान्यांच्या पट्ट्यांत धूळही तेंच करते. ती वरचेवर धुवावी लागते.

याच परिसरांतील चिखली येथें टाटा मोटर्सच्या कारखान्यांत मोटारी उभ्या करण्याच्या जागेवर पॅनेलांचेंच छप्पर घातलेलें आहे. टाटा पॉवरनें उभारलेल्या या योजनेचें उद्घाटन जून २०२१ मध्यें झालें. तिची शक्ति ६.२ मेगावॅट, आणि वर्षाची अपेक्षित वीज ८६.४ लाख युनिट. हीं पॅनेलें अहोरात्र पूर्ण शक्तीनें चालतीं, तर ५ कोटी ४३ लाख युनिट मिळालीं असतीं. म्हणजे प्रत्यक्षांत हिशेब धरला आहे तो जवळजवळ एक षष्ठांशाचा. रात्र, ढग व तिरपे किरण यांचा वांटा त्यांतून वजा झालेला आहे.

घरच्या गच्चीलाही हेंच गणित लागू पडतें. एका किलोवॅटमागें दिवसाची सरासरी ४ युनिटांहून थोडी कमीच धरावी. ३ किलोवॅटला सुमारें ११. यापेक्षां फार मोठा आंकडा कोणी सांगितला, तर त्याचा हिशेब मागावा. दुसरी गोष्ट अशी कीं, महावितरणचा पुरवठा बंद पडला म्हणजे बॅटरी नसलेली यंत्रणा लख्ख उन्हांतही थांबते. तारांवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवास अपाय होऊं नये, म्हणून ती मुद्दाम तशी केलेली असते. पॅनेल एकदां बसविलें कीं २५ वर्षें गच्चीवर राहावयाचें असतें. तेव्हां पैसे मोजण्यापूर्वीं गृहस्थानें एक दिवस गच्चीवर सकाळीं, दुपारीं व सायंकाळीं जाऊन सावली कोठें पडते, हें स्वतः पाहून यावें.