नदीकाठचे पुस्तकांचे गाव



विलायतेहून आलेला वक्ता उभा राहिला, की आता लंडनचे पूल आणि राजवाडे ऐकावे लागणार, अशी धास्ती श्रोत्यांना वाटते. आज ती बाळगू नका. आम्ही सांगणार आहोत ते वेल्समधल्या, दोन हजारांच्या आतल्या वस्तीच्या एका गावाविषयी. 'हे' त्याचे नाव. 'हे म्हणजे कोणते?' असे विचारू नका. गावाचे नावच 'हे'! वाय नदीच्या काठचे म्हणून हे-ऑन-वाय.

या गावाला रेल्वे नाही. १९६२ च्या अखेरीस तिथली प्रवासी गाडी बंद झाली. आम्ही हेरफर्डला उतरून २० मैल बसने गेलो. वेल्सची हद्द लागते ती गावाच्या वेशीवरच. पाट्यांवर इंग्रजीच्या जोडीला वेल्श अक्षरे दिसू लागतात. वेल्शमध्ये गावाचे नाव 'गेल्ली'. पण त्यातला 'ल' आपला नव्हे. जीभ 'ल'च्या जागी टेकवून नुसता श्वास सोडायचा. आम्ही पुष्कळ सोडला, साधले नाही.

रेल्वे गेली त्याच सुमारास रिचर्ड बूथ नावाच्या तरुणाने तिथल्या जुन्या अग्निशामक ठाण्यात जुन्या पुस्तकांचे दुकान मांडले. अमेरिकेतली बंद पडणारी ग्रंथालये विकत घेऊन त्याने पुस्तके जहाजाने आणली. पाहता पाहता गल्लोगल्ली दुकाने झाली. गृहस्थ मोठा मिस्कील. १९७७ च्या १ एप्रिलला त्याने गाव स्वतंत्र झाल्याचे जाहीर करून स्वतःला राजा म्हणवून घेतले! लोक हसले, पण गावाचे नाव जगभर झाले. २०१९ साली तो वारला.

गावात जुना किल्ला आहे. त्याच्या आवारात उघड्यावर पुस्तकांच्या फळ्या मांडलेल्या. विक्रेता नाही, पहारेकरी नाही. पुस्तक उचलावे आणि पैसे पेटीत टाकावेत. आम्ही एक जाडजूड पुस्तक उचलले. पहिल्या पानावर कुणा अनोळखी वाचकाचे नाव शाईने लिहिलेले होते. ते पाहिले आणि, श्रोतेहो, आम्हाला आमची एक गोष्ट आठवली. घर बदलताना वडिलांची दोन पोती पुस्तके आम्ही रद्दीवाल्याला तराजूवर घातली होती. प्रत्येकावर त्यांची सही होती.

आपल्याकडे काहीच नाही असे नव्हे. हेचे उदाहरण समोर ठेवूनच शासनाने २०१७ साली महाबळेश्वरजवळच्या भिलारला पुस्तकांचे गाव उभे केले. तिथे घराघरांत मराठी पुस्तके वाचायला मिळतात. व्याख्यानांच्या बाबतीत तर आपणच वडील! हेचा वसंतातला साहित्योत्सव १९८८ चा. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली.

मग उणे कशाचे? वाचून झालेल्या पुस्तकाला दुसरा वाचक असतो, या विश्वासाचे. त्या एका विश्वासावर रेल्वे गमावलेले गाव जगले. इंग्रजी पुस्तकाची प्रत एका दुकानात नसली तर दुसरीकडे सापडते. आपल्या कित्येक जुन्या मराठी पुस्तकांच्या मात्र मोजक्याच प्रती उरल्या आहेत, आणि त्यातली एखादी कदाचित आपल्याच माळ्यावर असेल.

तेव्हा एवढीच विनंती. भिलारला अवश्य जा. पण त्याआधी आज रात्री घरच्या माळ्यावर चढा. आणि उद्या सकाळी रद्दीवाल्याची हाक आली, तर आधी पहिले पान उघडून पाहा.