फुलापासून दाण्यापर्यंत

(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शेतीविषयक बैठकांतून बियाणे, खत, पाणी आणि बाजारभाव या चार विषयांची चर्चा नेहमीच होत असते. ती व्हावयासच हवी. परंतु पेरणी आणि काढणी यांच्या दरम्यान असा एक अल्प काळ येतो की ज्यात पिकाला किती दाणे धरणार याचा निर्णय होऊन जातो. हा निर्णय फुलाच्या अंतर्भागात, आपल्या दृष्टीआड होत असल्याने त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वनस्पतिशास्त्रात या घटनेस फलन असे म्हणतात. हे फलन कसे घडते, त्यात अडथळे कोठे येतात आणि गावपातळीवर त्याबाबत काय करता येण्यासारखे आहे, एवढेच आज मी आपणापुढे मांडणार आहे.

प्रथम दोन शब्दांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. परागण आणि फलन हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः त्या दोन निरनिराळ्या घटना आहेत. पुंकेसराच्या परागकोशातून बाहेर पडलेले परागकण वाऱ्याने किंवा कीटकांच्या अंगाला चिकटून स्त्रीकेसराच्या टोकावर, म्हणजे कुक्षीवर येऊन पडतात. हे झाले परागण. पाहुणा दाराशी आला, एवढाच त्याचा अर्थ. तो घरात जाऊन भेट होणे अद्याप बाकी असते. कुक्षीच्या खाली कुक्षीवृंत नावाची दांडी, तिच्या खाली अंडाशय, अंडाशयात बीजांड आणि बीजांडात अंडपेशी, अशी ही रचना आहे. परागकणातील नरपेशी या अंडपेशीपर्यंत पोहोचून तिच्याशी एकरूप होते, तेव्हाच फलन झाले असे म्हणता येते.

आता स्वतः हालचाल करू न शकणारी नरपेशी एवढे अंतर कसे तोडते? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास आरंभ झाला तो १८२४ साली. इटलीतील आमिची या संशोधकाने सूक्ष्मदर्शकाखाली घोळीच्या फुलाची कुक्षी पाहिली. आपल्याकडे पावसाळ्यात बांधावर उगवणारी आणि भाजीत वापरली जाणारी तीच ही घोळ. कुक्षीवर पडलेल्या परागकणातून एक बारीक नळी बाहेर पडत असल्याचे त्यास दिसले. या परागनलिकेतूनच नरपेशी बीजांडापर्यंत नेल्या जातात. पुढे १८८४ साली स्ट्रासबर्गर या शास्त्रज्ञाने नरकेंद्रक आणि अंडपेशीचे केंद्रक यांचे मीलन प्रत्यक्ष दाखवून दिले.

हा सारा प्रवास समजून घेण्यासाठी मक्याच्या कणसासारखे दुसरे साधन नाही. मक्याच्या शेंड्यावर जो तुरा येतो, तो नरफुलांचा. आणि खोडाच्या मध्यभागी येणारे कणीस, ते मादीफुलांचे. कणसाच्या टोकाशी जे रेशमासारखे धागे लोंबतात, त्यांतील प्रत्येक धागा हा स्वतंत्र स्त्रीकेसराचा भाग असून तो आत एकाच बीजांडाशी जोडलेला असतो. जितके धागे, तितके संभाव्य दाणे. तुऱ्यातून गळलेला परागकण धाग्यावर पडला की थोड्याच वेळात परागनलिका फुटते आणि धाग्याच्या आतून वाढत वाढत सुमारे एका दिवसात बीजांड गाठते. कधीकधी हे अंतर वीतभर किंवा त्याहूनही अधिक असते! भाजलेले कणीस खाताना मध्येच दाण्याची जागा रिकामी दिसली, तर तेथील धाग्याला पराग मिळाला नाही, किंवा नलिकेचा प्रवास अर्धवट राहिला, किंवा फलन होऊनही दाणा कोवळेपणीच खुरटला, असे समजावे.

परागनलिकेतून येणाऱ्या नरपेशी एक नव्हे, दोन असतात. दुसरीचे काय होते, याचा उलगडा १८९८ साली कीव्ह येथील प्राध्यापक नवाशिन यांनी केला. पहिली नरपेशी अंडपेशीशी एकरूप होते आणि तीपासून भ्रूण, म्हणजे भावी रोपटे, तयार होते. दुसरी नरपेशी बीजांडातील दोन मध्यवर्ती केंद्रकांशी संयोग पावते आणि त्यातून भ्रूणाचे अन्न, म्हणजे भ्रूणपोष, निर्माण होतो. यास द्विफलन असे नाव आहे. मक्याच्या भ्रूणातील पेशीत २० गुणसूत्रे असतात, त्यांपैकी १० पित्याकडून व १० मातेकडून आलेली. भ्रूणपोषात मात्र ३० असतात, कारण तेथे मातेचा वाटा दुप्पट असतो. पांढऱ्या मक्याशेजारी पिवळा मका पेरला असता पांढऱ्या मक्याच्या कणसात त्याच हंगामात काही पिवळे दाणे का दिसतात, याचे कारणही हेच. भ्रूणपोषातही पित्याचा अंश उतरलेला असतो.

हे केवळ पुस्तकी ज्ञान नव्हे. ज्वारी, बाजरी, गहू आणि तांदूळ यांच्या दाण्याचा बहुतेक भाग हा भ्रूणपोषच असतो. कोकणातील नारळाचे पाणी हा द्रवरूप भ्रूणपोष आणि खोबरे हा घट्ट भ्रूणपोष होय. याउलट तूर व हरभरा यांमध्ये वाढणारा भ्रूण आपला भ्रूणपोष बी पक्व होण्यापूर्वीच संपवून टाकतो व ते अन्न आपल्या दोन दलांत साठवितो. ती दोन दले म्हणजेच आपली डाळ. तात्पर्य, ताटातील भाकरी ही दुसऱ्या फलनाची आणि वरण हे मुख्यतः पहिल्या फलनाची देणगी आहे. शिक्षकांनी भिजविलेला हरभरा, मक्याचा दाणा आणि नारळाची कवड वर्गात मांडून हा धडा शिकविला, तर तो मुलांच्या स्मरणातून सहसा जाणार नाही.

या विषयाच्या अभ्यासात भारताचे स्थान मानाचे आहे. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक पंचानन माहेश्वरी यांनी सपुष्प वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानावर १९५० साली लिहिलेला ग्रंथ जगभर अभ्यासला गेला. त्यांच्याच प्रयोगशाळेत पुढे अफूच्या झाडातील बीजांडे काढून परीक्षानळीत त्यांचे फलन घडवून आणण्यात यश आले.

आता व्यवहाराकडे वळू. फलनाचा काळ अल्प असतो आणि त्या काळात झालेली हानी नंतर भरून निघत नाही. मागाहून दिलेले खत धरलेल्या दाण्याला पोसू शकते. न धरलेला दाणा ते निर्माण करू शकत नाही. मक्याला तुरा येण्याच्या सुमारास पाण्याचा ताण पडला, तर धागे बाहेर पडण्यास विलंब होतो. तोवर तुऱ्यातील पराग गळून गेलेला असतो आणि कणसे अर्धी रिकामी राहतात. भात फुलोऱ्यात असताना तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेले, तर परागकण निकामी होऊन लोंबीत पोचट दाणे वाढतात. अलीकडे उष्णतेच्या लाटा वारंवार येत असताना ही बाब अधिकच महत्त्वाची ठरते. म्हणून पाण्याची पाळी अपुरी असेल, तर ती पिकाच्या कोणत्या दिवसांत द्यावयाची, हा प्रश्न गावाने विचारपूर्वक सोडविला पाहिजे.

भुईमुगाची गोष्ट आणखी निराळी. त्याचे फूल जमिनीवर उमलते, फलनही तेथेच होते आणि त्यानंतर फुलाच्या तळाशी निघणाऱ्या आऱ्या जमिनीत शिरून शेंगा धरतात. आऱ्या जमिनीत शिरू लागल्यावर कोळपणी केली, तर फलन झालेल्या शेंगाच आपण आपल्या हातांनी तोडतो. परसातील भोपळ्याची बरीचशी फुले गळतात म्हणून पुष्कळ घरांतून तक्रार ऐकू येते. त्यांतील बहुसंख्य नरफुले असतात व पराग देऊन ती गळावयाचीच असतात. ज्या फुलामागे इवलेसे फळ दिसते ते मादीफूल. तेही गळत असेल, तर कीटक फिरकत नाहीत असे समजण्यास जागा आहे. अशा वेळी सकाळी ताजे नरफूल तोडून त्यातील पराग मादीफुलाच्या कुक्षीवर हलकेच लावावा. सूर्यफुलाच्या बाबतीत फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळी हाताला मऊ कापड गुंडाळून तबकावरून हळुवार हात फिरवावा, अशी शिफारस कृषी तज्ज्ञ करतात. मधमाश्या मुबलक असतील, तर हेच काम त्या अधिक चांगले आणि विनामोबदला करतात.

मधमाशीचा प्रश्न एकट्या शेतकऱ्याच्या हाती राहत नाही, कारण ती बांधाची हद्द ओळखत नाही. एकाने भर सकाळी, पीक फुलात असताना कीटकनाशक फवारले, तर शेजारच्या चार जणांच्या शेतांतील दाणे कमी होतात. फुलोऱ्यात फवारणी शक्यतो टाळावी आणि ती अटळच असेल, तर मधमाश्या परतल्यावर सायंकाळी करावी, मोहोळ जाळून मध काढू नये, बांधावरील फुलझाडे व जुने वृक्ष राखावेत, असे ठराव ग्रामसभेत करता येतील. पुणे येथे १९६२ सालापासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे २०२२ साली मधाचे गाव म्हणून घोषित झाले. अशा गावाकडे केवळ मध देणारे गाव म्हणून न पाहता, आसपासच्या पिकांना दाणा देणारे गाव म्हणूनही पाहावयास हवे.

बंधुभगिनींनो, पीक पाहणीच्या नोंदवहीत पेरणीचा दिनांक असतो, काढणीचाही असतो. गावातील प्रमुख पिके फुलोऱ्यात केव्हा येतात, त्या दिवसांत पाणी होते किंवा कसे, फवारणी कोणत्या वेळी झाली, याची साधी नोंद शाळेतील मुलांकडून ठेवून घेणे कठीण नाही. दोन-तीन हंगामांच्या अशा नोंदी ग्रामसभेपुढे आल्या, तर पाण्याची पाळी आणि फवारणीची वेळ ठरविण्यास गावाला स्वतःचा आधार मिळेल. या कामास येत्या हंगामापासून आरंभ करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.