चित्रकलेचा तास आणि आपल्या अंगणातला गोठा

(माध्यमिक शाळांतील चित्रकला शिक्षकांच्या एका शिबिरात खात्याच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



ख्रिस्ती संस्थांच्या माध्यमिक शाळांत चित्रकला कशी शिकवावी, यावर मी चार शब्द बोलावेत अशी आपली आज्ञा झाली. मी कला शाखेचा पदवीधर आहे खरा, परंतु त्या पदवीने हाती कुंचला येत नाही. म्हणून उपदेश न करता प्रथम माझ्या हातून घडलेली एक चूक आपणापुढे ठेवतो.

काही वर्षांपूर्वी एका शाळेत नाताळनिमित्त चित्रस्पर्धा होती. परीक्षकांत मीही होतो. विषय होता येशूजन्म. बहुतेक चित्रांत तोच निळा झगा, तोच गोरा चेहरा, सूचिपर्णी वृक्ष आणि छपरावर बर्फ. आपल्या गोव्यात डिसेंबरात दव पडते, बर्फ पडत नाही, हे आम्हां परीक्षकांच्याही ध्यानी आले नाही. एका मुलीचे चित्र मात्र वेगळे होते. गोठ्यावर माडाच्या झावळ्या, मेरीच्या अंगावर चौकटीचे कुणबी लुगडे, आणि कोपऱ्यात तीन दगडांच्या चुलीवर पाण्याचा हंडा. 'विषयास धरून नाही' असा शेरा मारून आम्ही ते बाजूस ठेवले. समारंभानंतर मी तिला हंड्याविषयी सहज विचारले. ती म्हणाली, "सर, बाळ जन्मले की आधी पाणी तापवावे लागते ना?"

त्या एका वाक्याने माझे डोळे उघडले. बाकीच्या मुलांनी छापील भेटकार्ड पाहिले होते. या मुलीने तो प्रसंग पाहिला होता. बक्षीस मात्र कार्डाला मिळाले.

मित्रहो, ही चूक माझ्या आधीही आपल्या भूमीत घडलेली आहे. सांतइस्तेव्ह गावी १९०२ साली जन्मलेले आंजेलो द फोन्सेका मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतून शांतिनिकेतनात गेले आणि अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या सहवासात त्यांची दृष्टी घडली. गोव्यात परतल्यावर त्यांनी मेरीला साडी नेसविली, तिला आपल्या मातीचा वर्ण दिला. पोर्तुगीज अमदानीतील पुष्कळांना ते रुचले नाही. अखेर त्यांना गोवा सोडावा लागला. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात त्यांनी आपली साधना चालविली आणि १९६७ साली पुण्यातच ते निवर्तले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आता पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. ज्या चित्रांसाठी गावाने पाठ फिरविली, तीच आज आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवितो. सांगे येथे जन्मलेले चित्रकार आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांच्या कन्या आंजेला त्रिंदाद (१९०९–१९८०) यांनीही ख्रिस्ती विषय भारतीय शैलीत रंगविले.

हे काही नवे धाडस नव्हते. इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत रचली आणि ते ख्रिस्तपुराण १६१६ साली येथेच छापले गेले. शब्दाने जे सतराव्या शतकात केले, तेच रेषेने विसाव्या शतकात केले. आपल्या चर्चमधील लाकूडकामही पाहा. काही प्रवचनपीठे नागकन्यांच्या आकृत्यांनी तोलून धरलेली आढळतात. जुन्या गोव्यातील बॉम जेजू बॅसिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष ज्या रुप्याच्या पेटिकेत आहेत, ती १६३६-३७ च्या सुमारास गोव्यातील रुपेकारांनीच घडविली. ख्रिस्ती मूर्तिकाम हिंदू कारागिरांकडे देऊ नये, अशी बंदी सोळाव्या शतकापासून वारंवार घातली गेली. ती वारंवार घालावी लागली, यातच काय ते आले.

आज आपल्या वर्गात ख्रिस्ती आणि हिंदू मुले एकाच बाकावर बसतात. एकाच्या घरी नाताळचे नक्षत्र टांगलेले असते, दुसऱ्याच्या घरी चतुर्थीला माटोळी बांधलेली असते. दोघांना एकमेकांच्या घरातील सौंदर्य दाखविण्याची संधी चित्रकलेच्या तासाइतकी दुसऱ्या कोणत्या तासाला मिळणार? धर्मशिक्षणाचा तास ख्रिस्ती मुलांचा असतो, चित्रकलेचा तास सर्वांचा असतो.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली मुख्याध्यापकांना. परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला दिला जातो. कृपा करून तो देऊ नये. दुसरी शिक्षकांना. रेखाकला परीक्षेसाठी वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा सराव आपण घेताच. त्या सरावात काचेच्या बाटलीबरोबर मातीची घागर, सूप, रोवळी आणि शहाळेही मांडावे. स्मरणचित्राला गावचे फेस्त द्यावे, जत्राही द्यावी. संकल्पचित्राची नक्षी चर्चच्या वेदीवरून घ्यावी, तशीच देवळाच्या खांबावरूनही घ्यावी. वर्षातून एकदा तरी मुलांना जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठातील ख्रिस्ती कला संग्रहालयात न्यावे, आणि नुसते फिरवून न आणता एका वस्तूपुढे अर्धा तास कागद-पेन्सिल देऊन बसवावे.

तिसरी विनंती माझ्यासारख्या परीक्षकांना. चित्र मूळ नमुन्यासारखे आहे की नाही, हे शेवटी पाहावे. मुलाने स्वतः काय पाहिले, हे आधी विचारावे.

त्या मुलीचे चित्र पुढे कोठे गेले, मला ठाऊक नाही. तिने पुन्हा कुंचला हाती धरला की नाही, हेही ठाऊक नाही, आणि ही रुखरुख मला जन्मभर राहील. फोन्सेका यांना निदान पुण्यात आसरा मिळाला. आठवीतली मूल मात्र गाव सोडून जात नाही, ते गुपचूप वही मिटते. आपल्या वर्गातील एकाही मुलाची वही अशी मिटू नये, एवढे या शिबिरातून साधले तरी पुष्कळ झाले.