घरघंटीची साफसफाई आणि विजेचा चटका

(मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विजेविषयी बोलावयाचे हे जरा विचित्र वाटेल. परंतु विषय स्वयंपाकघरातलाच आहे, आणि त्याचा हंगामही हाच आहे.

गिरगाव-दादरच्या लहान जागांतही आता घरघंटी आली आहे. दळण झाले की व्हॅक्यूम क्लीनरने आतले पीठ ओढून घ्यावयाचे. ते करता करता हात नळाला लागतो, ‘चट्’ असा आवाज होतो आणि बोटाला चटका बसतो. कुणी घाबरते, कुणी हसून सोडून देते. पण चटके दोन जातींचे असतात, आणि त्यांतला फरक प्रत्येकीला कळला पाहिजे.

पहिला घर्षणाचा. तृणमणी घासला की गवताची काडी ओढून घेतो, म्हणून तर त्याचे नाव तृणमणी. तसेच कोरडे पीठ प्लॅस्टिकच्या नळीतून वेगाने जाताना घासले जाते आणि वीज साठते. ती आपल्या अंगावर येते, आणि धातूला हात लागताच ठिणगी होऊन निघून जाते. असा चटका जाणवतो तेव्हा दाब सुमारे ३,००० व्होल्टांच्या घरात असतो. परंतु साठा अगदी थोडा, म्हणून इजा होत नाही. मात्र दचकून स्टुलावरून तोल जाऊ नये, एवढे जपावे.

मुंबईच्या दमट हवेत ही वीज फार टिकत नाही. परळ-लालबागच्या गिरण्यांत हवा मुद्दाम ओलसर ठेवीत, ती सूत तुटू नये आणि घर्षणाने तंतू विस्कटू नयेत म्हणूनच. आपल्याकडे हा चटका बसतो तो बहुधा डिसेंबर ते फेब्रुवारी, मतलई वारे सुटून हवा कोरडी झाली म्हणजे.

आता दुसरा चटका. यंत्राच्या पत्र्याला हात लावताच मुंग्या येतात, पुन्हा लावला तरी येतात, प्लग काढला की थांबतात. ही घर्षणाची वीज नव्हे. ही आपल्या बोर्डातली २३० व्होल्टांची वीज, पत्र्यात उतरलेली. भर पावसाळ्यात, ओल्या फरशीवर असे झाले, तर ‘होतेच असे’ म्हणून मुळीच सोडू नका. ही वीज जीव घेते. जुन्या चाळींत कित्येक ठिकाणी तीन भोकांचा बोर्ड दिसतो, पण मागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. वायरमनकडून ती तपासून घ्या, आणि गळती होताच वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण बसवून घ्या. तोवर ते यंत्र वापरू नका.

आणखी एक सांगते. हवेत दाट उडालेले पीठ पेट घेते. इटलीतील तुरीन शहरी १४ डिसेंबर १७८५ रोजी एका पाववाल्याच्या कोठारात दिव्याच्या ज्योतीने पिठाचा धुरळा पेटून स्फोट झाला होता. घरचे पीठ थोडे, त्यामुळे तेवढे भय नाही. तरी शेजारी गॅस किंवा समई पेटलेली असताना घरघंटी झाडू नये.

तेव्हा नियम सोपे आहेत. आधी घरघंटीचा प्लग काढावा. हात कोरडे असावेत, पायांत रबरी चपला असाव्यात. नायलॉनच्या साडीपेक्षा सुती बरी. पीठ फुंकून उडवू नये. शक्य तेवढे सुती फडक्याने हलकेच पुसून घ्यावे, उरलेले यंत्राने ओढावे. चटक्याची धास्ती वाटत असेल तर हातात किल्ली घट्ट धरून तिचे टोक आधी नळाला लावावे. ठिणगी किल्लीवर उडते, बोट वाचते.

आणि चटका बसलाच, तर स्वतःला एवढेच विचारा: एकदाच बसला, की पुन्हा पुन्हा? एकदाच असेल तर कामाला लागा. पुन्हा पुन्हा असेल तर बटण बंद करा, मुलांना लांब ठेवा आणि वायरमनला बोलवा.

तिळगूळ वाटावयाचा आहे, म्हणून इथेच आपली रजा घेते.