समुद्र कुठे पळून जातोय?
(सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या ‘प्रवासातले अनुभव’ या कार्यक्रमातील भाषण)



फेब्रुवारी २०१८. स्कूबा डायव्हिंगसाठी मालदीवला जायचं आमचं ठरलं होतं. तिकिटं काढून झालेली. आणि ५ तारखेला तिथे आणीबाणी जाहीर झाली. लगेच आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने, गरज नसेल तर प्रवास पुढे ढकला, असं सांगितलं.

मुलगा म्हणाला, “बाबा, गडबड मालेत आहे. रिसॉर्ट वेगळ्या बेटावर, विमानतळही वेगळ्या बेटावर.” खरंच होतं ते. पण लागोपाठ डायव्हिंग केल्यावर निदान १८ तास विमानात बसायचं नसतं. अंगात साठलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणजे परिस्थिती चिघळली, तर लगेच निघताही येणार नाही! शिवाय सरकारी सूचनेनंतर गेलो, तर विम्याचे पैसे मिळतीलच याची खात्री नाही.

सौ. म्हणाली, “समुद्र कुठे पळून जातोय?” आम्ही थांबलो. थोडे पैसे बुडाले, मुलं रुसली. २२ मार्चला आणीबाणी उठली. गेलो असतो तर कदाचित काहीच झालं नसतं. तरी पस्तावा नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर “तिथे शांत आहे ना?” एवढंच विचारू नका. “निघावं लागलं तर किती वेळात निघता येईल?” हेही विचारा.