दाराची किल्ली कोणाच्या हाती?

(कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



कार्यालयाच्या दारावर कोणते यंत्र बसवावे, हा विषय कामगार चळवळीच्या अभ्यासवर्गात कशासाठी, असे कोणास वाटल्यास नवल नाही. वेतन, महागाई, कंत्राटी पद्धती हे चळवळीचे विषय. कुलूप आणि किल्ली हा व्यवस्थापनाचा प्रांत, असा समज रूढ आहे. परंतु श्रमिकांच्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे दिसते ते असे की, दार, घड्याळ आणि हजेरीपट या तीन वस्तूंभोवती त्यांचे कित्येक लढे झाले आहेत. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा झाल्या, तेव्हा त्यांच्या मागण्यांत रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि कामाच्या वेळेवर मर्यादा या गोष्टी अग्रभागी होत्या. रविवारची सुट्टी मिळावयास १८९० साल उजाडले. त्याच काळात, १८८८ साली, अमेरिकेत विलार्ड बंडी या गृहस्थाने कामगाराच्या येण्याजाण्याची वेळ कागदावर उमटविणारे घड्याळ तयार केले. ते घड्याळ बनविणारी कंपनी पुढे ज्या उद्योगसमूहात मिसळली, त्याचेच नाव १९२४ साली आयबीएम असे झाले. हजेरीचे घड्याळ आणि संगणक यांचे नाते असे जुने आहे.

कुलपाचा इतिहास याहून अधिक करुण आहे. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात आग लागली आणि १४६ कामगार मृत्यू पावले. त्यांत बहुसंख्य स्थलांतरित तरुण मुली होत्या. नवव्या मजल्यावरील एक दार कुलूपबंद होते. मुलींनी माल चोरून नेऊ नये, त्यांच्या पिशव्या तपासता याव्यात, म्हणून ते बंद ठेवण्याची वहिवाट होती. मालकांवर खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. एक शतक उलटल्यावर, सप्टेंबर २०१२ मध्ये, कराचीच्या एका कपड्यांच्या कारखान्यात अडीचशेहून अधिक कामगार आगीत सापडून मेले, आणि तेथेही बाहेर पडण्याच्या वाटा बंद असल्याचे उघड झाले. दार बाहेरच्यास अडविण्यासाठी असते असे सांगितले जाते. प्रत्यक्षात ते आतल्यासही कोंडू शकते. नव्या यंत्राची निवड करताना पहिला प्रश्न या अनुभवातून निघतो.

आजच्या कार्यालयात किल्लीची जागा कार्ड, बोटाचा ठसा, चेहरा किंवा खिशातील मोबाइल यांनी घेतली आहे. या व्यवस्थेचे अवयव मात्र थोडेच आहेत. दाराजवळ रीडर असतो. तो ओळख वाचतो. आतल्या बाजूस कंट्रोलर असतो. दार उघडावयाचे की नाही हे तो ठरवितो. दारास विजेवर चालणारे कुलूप असते. आणि या सर्वांच्या मागे संगणकातील नोंदवही असते, जीत कोण, कोठल्या दाराने, किती वाजता गेला हे लिहिले जाते. विक्रेता पहिल्या तीन गोष्टी दाखवितो. कामगारांच्या दृष्टीने महत्त्वाची असते ती चौथी.

कुलुपाचेही दोन प्रकार आहेत. एक प्रकार वीज गेली की उघडतो, दुसरा वीज गेली की बंदच राहतो. रोकड किंवा कागदपत्रांच्या खोलीस दुसरा प्रकार बाहेरच्या बाजूने चालेल. परंतु माणसे जेथे बसून काम करतात, तेथून बाहेर पडावयाच्या वाटेवर कोणत्याही कार्डाची, ठशाची वा परवानगीची गरज पडता कामा नये. आगीची घंटा वाजताच कुलपे आपोआप सुटली पाहिजेत, आणि ती सुटतात की नाही याची तालीम कर्मचाऱ्यांच्या समक्ष झाली पाहिजे. रात्रपाळीच्या सफाई कामगारास आत घेऊन बाहेरून दार लावण्याची प्रथा जेथे असेल, तेथे कितीही महागडे यंत्र आणले तरी ते १९११ सालचेच कुलूप होय.

आता ओळखीच्या साधनाविषयी. स्वस्त कार्डे सुरक्षित नसतात, हे मान्य केले पाहिजे. जुन्या पद्धतीच्या कार्डाची नक्कल साध्या उपकरणाने होते. मायफेअर क्लासिक नावाचे कार्ड लंडनच्या ऑयस्टर कार्डात आणि नेदरलँड्सच्या वाहतूक व्यवस्थेत वापरले जात होते. नायमेखेनच्या रॅडबाउड विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली त्याचे गुपित उलगडले. निर्मात्या कंपनीने हे संशोधन प्रसिद्ध होऊ नये म्हणून न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने ती मागणी फेटाळली. परंतु याचा अर्थ कार्ड टाकून बोटाचा ठसा घ्यावा असा होत नाही. याचा अर्थ इतकाच की अधिक चांगल्या बनावटीचे, सांकेतिक लिपीने रक्षिलेले कार्ड घ्यावे, आणि रीडर व कंट्रोलर यांच्यामधील तारेतून जाणारा संदेशही तसाच रक्षिलेला असावा.

कार्ड हरवले तर ते रद्द करून दुसरे देता येते. बोट बदलून देता येत नाही. २०१५ साली अमेरिकन सरकारच्या कर्मचारी खात्यातून चोरीस गेलेल्या माहितीत सुमारे ५६ लाख माणसांच्या बोटांचे ठसे होते. ती माणसे नोकरी सोडतील, निवृत्त होतील. त्यांचे ठसे मात्र अज्ञात हातांत आयुष्यभर राहतील. शिवाय यंत्रास सर्व बोटे सारखी दिसत नाहीत. ज्याचा जन्म टेबलापाशी गेला त्याचा ठसा स्वच्छ उमटतो. जी बाई वीस वर्षे फरशी पुसते, भांडी घासते, तिच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र तिला नाकारते, आणि पगारपत्रकात ती गैरहजर ठरते. ज्याने श्रम अधिक केले त्याची ओळख यंत्रास कमी पटावी, याहून बोलका वर्गभेद कोणता?

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. चोरी होते, गोपनीय कागद फुटतात, रात्री काम करणाऱ्या स्त्री-कर्मचाऱ्यांना संरक्षण हवे असते. या गोष्टी खऱ्या आहेत. खोटी हजेरी हाही खरा रोग आहे. कंत्राटदार हजेरीपटावर नसलेली माणसे लावतो आणि असलेल्या माणसांचे पैसे खातो, हे चळवळीइतके कोणास ठाऊक आहे? परंतु यंत्राने तो रोग जातो काय, याचा पुरावा पाहावा. ग्रामीण रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाइलवरून दिवसातून दोन वेळा छायाचित्रासह हजेरी घेणे सक्तीचे झाले. रोजगार हमीची कल्पना ज्या महाराष्ट्राने देशास दिली, तेथील मजुरांनाही ही सक्ती सोसावी लागली. आणि जुलै २०२५ मध्ये खुद्द केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच कबूल केले की कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे, इतकेच नव्हे तर छायाचित्रांचीच छायाचित्रे, हजेरी म्हणून चढविली जात होती. ज्याच्या हाती हजेरीपट तोच लबाडी करीत असेल, तर त्याच्या हाती यंत्र दिल्याने लबाडी थांबत नाही. सचोटीने काम करणाऱ्या मजुराच्या माथी मात्र एक नवे ओझे येते.

कायदा काय सांगतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला, आणि त्यात हस्तक्षेप करावयाचा तर कायद्याचा आधार, उचित हेतू आणि हेतूच्या प्रमाणातच उपाय, या कसोट्या सांगितल्या. परंतु २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे सातवे कलम वाचावे. नोकरीच्या प्रयोजनासाठी, तसेच मालकाचे नुकसान टाळण्यासाठी, कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरण्यास तेथे मुभा आहे. शरीराच्या खुणांना त्या कायद्याने निराळे, अधिक कडक संरक्षण दिलेले नाही. त्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास त्यांनी १८ महिन्यांची मुदत दिली.

इतरत्र वेगळा मार्ग निघाला आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने २००८ सालीच लेखी संमतीशिवाय ठसे वा चेहऱ्याची मापे घेण्यास बंदी केली. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्को लेझर या कंपनीस व तिच्या सहयोगी संस्थांना ३८ केंद्रांतील २,००० हून अधिक कर्मचाऱ्यांची चेहरा व बोटे यांवरून हजेरी घेणे थांबविण्याचा आदेश दिला. साध्या कार्डाने जे काम होते त्यासाठी शरीराची मापे कशाला, असा त्या आदेशाचा आशय होता. मालक आणि नोकर यांची ताकद असमान असल्यामुळे नोकराचा होकार हा मोकळा होकार मानता येत नाही, हेही तेथे मान्य झाले. समाजवाद्यांनी ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली आहे.

म्हणून यंत्र नकोच, अशी भूमिका घेणे सोपे असले तरी बरोबर नाही. यंत्राची निवड आणि त्याचे नियम यांत कामगारांचा हात असला पाहिजे, ही खरी भूमिका होय. तिच्यातून निघणाऱ्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक दार बंद करण्याचे कारण लेखी सांगावे. जेथे साधे कुलूप पुरे तेथे यंत्र बसवू नये. ओळख कार्डाने व्हावी, ठशाने नव्हे. एखाद्या अतिसुरक्षित खोलीस ठसा अपरिहार्यच असेल, तर त्याची नोंद मध्यवर्ती यंत्रात न राहता कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या कार्डात राहावी. दाराची नोंद दारापुरती असावी. तिचा उपयोग पगारकपात, बढती किंवा शिस्तभंगाच्या कारवाईसाठी होऊ नये. कोण किती वेळा प्रसाधनगृहात गेले आणि कोण कोणाच्या खोलीत युनियनच्या कामासाठी बसले, हे शोधण्यासाठी तर मुळीच नव्हे. नोंदी ठराविक दिवसांनी पुसल्या जाव्यात, आणि स्वतःविषयीची नोंद पाहण्याचा अधिकार प्रत्येकास असावा. यंत्र बिघडले तर त्या दिवसाचा पगार कापला जाऊ नये. आणि यंत्र एकाच विक्रेत्याच्या मर्जीवर चालणारे नसावे. नाहीतर व्यवस्थापनासच त्याची गुलामी पत्करावी लागते आणि तिचा खर्च शेवटी कामगारांच्या माथी येतो.

अखेरची मागणी सर्वांत महत्त्वाची आहे. कायम नोकरांना एका रंगाचे कार्ड आणि कंत्राटी माणसांना दुसऱ्या रंगाचे, असा प्रकार अनेक ठिकाणी रुळला आहे. दुसऱ्या रंगाच्या कार्डाने उपाहारगृहाचे दार उघडत नाही, उद्वाहनाचे उघडत नाही, कधी कधी पिण्याच्या पाण्यापर्यंतची वाटही मोकळी होत नाही. पूर्वी पाणवठ्यावर जे माणसाच्या जातीने ठरत होते, ते आता दारावरचा तांबडा-हिरवा दिवा ठरवितो. आणि दिव्यास जात नसल्यामुळे कोणास त्याची लाज वाटत नाही. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर ज्यांनी पाणी ओंजळीत घेतले, त्यांचा वारसा सांगणाऱ्यांनी या दिव्याकडे डोळेझाक करता कामा नये.

कायम कर्मचाऱ्यांच्या संघटनेने वाटाघाटीत स्वतःपुरती सवलत मिळविली आणि सफाई करणारी बाई, पहारेकरी, चहा आणणारा पोरगा यांना यंत्राच्या हवाली केले, तर ती संघटना पराभूत झाली असे समजावे. प्रत्येक शाखेने स्वतःच्या कार्यालयातील दारांची यादी करावी: कोणते दार कोणासाठी उघडते, कोणासाठी उघडत नाही, आणि आग लागल्यास कोणते उघडेल. ती यादी हाती घेऊनच व्यवस्थापनापुढे बसावे.